पंधरा किलोचा पिपा

जुन्या मराठी व्यवहारात मोजण्याच्या दोन रीती होत्या आणि त्यांना दोन स्वतंत्र नावे होती. भांडे भरून जे मोजायचे ते कैली, आणि तागडीत घालून जे तोलायचे ते वजनी. कैली हा शब्द अरबीतील ‘कैल’ म्हणजे माप या शब्दावरून आला. जमाखर्चाच्या कागदांत धान्याच्या आकड्यालगत तो लिहावा लागे, कारण शेर, मण आणि खंडी ही नावे दोन्ही रीतींत होती आणि नुसते ‘एक मण’ म्हटल्याने भांड्याचा मण की तागडीचा मण हे कळत नसे. हा शब्द आज बोलण्यातून जवळजवळ गेला आहे. ज्या अडचणीसाठी तो लागत असे ती अडचण मात्र प्रत्येक स्वयंपाकघरात आहे तशीच आहे. पाककृतीत ‘२५० ग्रॅम रवा’ असे लिहिलेले असते आणि हातात वाटी असते, किंवा आईने वाटीने सांगितलेले असते आणि दुकानदार किलोने विचारतो. या दोहोंच्या मधला हिशेब कोणत्याही एका कोष्टकाने सुटत नाही, आणि तो का सुटत नाही हे समजून घेण्यासाठी बोरगावसारखे दोन रीतींच्या सीमेवर वसलेले गाव फार उपयोगी पडते.

बोरगाव हे नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतचे, सौंसर तहसिलीतले गाव. ही तहसील पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला तेव्हा पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिली त्यात गेल्या. राज्य मध्य प्रदेश, कारभाराची भाषा हिंदी, आणि घरातली बोली मराठी. तागड्या तपासणाऱ्या ज्या सरकारी खात्याला सीमेच्या दक्षिणेला, महाराष्ट्रात, वैधमापन म्हणतात त्याला इकडे नापतौल म्हणतात. शिवारात कापूस, ज्वारी आणि संत्री, तर गावाला लागून औद्योगिक क्षेत्र, ज्यात रेमंडचा कापड कारखानाही आहे. या एवढ्या मुलखात मोजण्याच्या तीन तऱ्हा एकमेकींशेजारी नांदत आल्या आहेत: संत्री नगावर मोजून, ज्वारी मापाने आणि कापूस तोलून. पैकी कापूस हे वजनाच्या आवश्यकतेचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे, कारण तो दाबला तर कोपऱ्यात मावतो आणि फुलवला तर खोली भरतो, तेव्हा त्याचे आकारमान विचारण्यात अर्थच नसतो. म्हणूनच खंडी हे मुळात कोठारातल्या धान्याच्या मापकोष्टकात बसलेले नाव रुईच्या बाजारात आजही वजन म्हणून चालते आणि तिथे एक खंडी म्हणजे सुमारे ३५६ किलो रुई. कारखान्याच्या आत गेले की हाच प्रश्न आणखी एका रूपात भेटतो. एक किलो वजनात किती हजार मीटर सूत बसते त्यावरून लोकरी सुताचा मेट्रिक नंबर ठरतो, म्हणजे प्रत्येक सुताला लांबी आणि वजन यांमधला स्वतःचा एक दर असतो. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक जिनसालाही आकारमान आणि वजन यांमधला असाच स्वतःचा दर असतो, आणि तो त्याच्यावर कुठेही लिहिलेला नसतो.

हा दर डोळ्यांनी पाहायचा असेल तर घरातला तेलाचा रिकामा पिपा घ्यावा. चौकोनी पत्र्याचा हा डबा बाजारात पंधरा किलोचा म्हणून येतो, तेल संपले की तोंड कापून, कडा ठोकून, झाकण बसवून तो धान्यासाठी ठेवला जातो, आणि पुढे अनेक वर्षे त्याचे नाव ‘पंधरा किलोचा पिपा’ असेच राहते. वास्तविक त्यात पंधरा किलो बसते ते फक्त तेल. तेलाचे एक लिटर सुमारे ९१० ग्रॅम भरते, तेव्हा पंधरा किलो तेलाला साडेसोळा लिटर जागा लागते, आणि एवढ्या जागेत गहू बारा-तेरा किलोच मावतो. त्याच गव्हाचे दळण चक्कीवरून आणले तर ते त्या पिपात मावतही नाही. वजन तेच राहते, किंबहुना दळताना उडालेल्या पिठामुळे थोडे कमीच होते, आणि तरीही जागा वाढते, कारण दाण्याचे बारीक, खरबरीत, एकमेकांना अडून राहणारे कण झाले की त्यांच्यामध्ये पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त हवा अडकते. म्हणून दळणाचा डबा काठोकाठ भरून चक्कीवर न्यायचा नाही, हे घरातल्या मुलीला कोणत्याही शास्त्राच्या पुस्तकाआधी कळते. पुढे हेच पीठ आठवडाभर डब्यात राहिले, डबा हलला, सरकला, की ते बसते आणि वर चार बोटे जागा मोकळी दिसू लागते; पीठ कमी झालेले नसते, त्यातली हवा निघून गेलेली असते.

तेलाविषयी आणखी एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे, कारण तिचा संबंध थेट घराच्या खर्चाशी आहे. बाजारात पंधरा किलोचा पिपा मिळतो तसा पंधरा लिटरचाही मिळतो, दोन्ही दिसायला सारखे असतात, आणि पंधरा लिटरच्या पिपात तेल साडेतेरा किलोंच्या आसपास असते. सव्वा-दीड किलोंचा हा फरक फक्त लेबल वाचणाऱ्यालाच दिसतो. शिवाय तेल तापले की पसरते. सोयाबीन तेलाचे एक लिटर २१ अंश सेल्सिअसला ९१९ ग्रॅम भरते आणि ६० अंशांना सुमारे ८९३ ग्रॅम, म्हणजे जास्त तापमान लिहून लिटर मोजले तर पिशवीत तेल कमी जाते आणि लिहिलेला आकडाही खोटा ठरत नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ऑगस्ट २०२२ मध्ये खाद्यतेलाच्या उत्पादकांना तापमानाचा उल्लेख काढून टाकण्यास आणि आकारमानाबरोबर वजनही छापण्यास सांगितले ते याच कारणाने. हा निर्णय योग्य होता. सातपुड्याच्या पायथ्याशी पौषातली थंडी आणि वैशाखातले ऊन यांत तीसेक अंशांचे अंतर सहज पडते, आणि एवढ्या अंतराने लिटरमागे वीसेक ग्रॅमचा फरक होतो. वजन मात्र दोन्ही ऋतूंत तेच राहते.

दाणेदार पदार्थांचे गणित तापमानावर अवलंबून नसते. ते हवेवर अवलंबून असते. वाटीत ओतलेल्या हरभऱ्यात हरभरा किती आणि दाण्यांमधली पोकळी किती, हा प्रश्न वरकरणी साधा आहे. पण सारख्या आकाराचे गोल कितीही दाटीने रचले तरी ते जागेच्या ७४ टक्क्यांहून थोड्याच अधिक भागापलीकडे जाऊ शकत नाहीत, हे केप्लरने १६११ मध्ये मांडलेले अनुमान सिद्ध करायला गणितज्ञांना १९९८ साल उजाडले. कुणी रचत न बसता नुसते ओतून आणि हलवून भरलेले गोल सुमारे ६४ टक्के जागा व्यापतात, आणि उरलेली छत्तीस टक्के हवा असते. यातली नवलाची गोष्ट अशी की हे प्रमाण दाण्याच्या लहानमोठेपणावर अवलंबून नाही. दाणे अगदी गोल आणि आतून सारखेच भरीव असते तर वाटीभर हरभरा आणि वाटीभर मोहरी यांचे वजन जवळजवळ सारखेच भरले असते. फरक पडतो तो दाण्याचा घाट, पृष्ठभाग आणि आतली घनता यांमुळे. लांबट तांदूळ, चपटे पोहे, कंगोऱ्याची साखर, पिठूळ बेसन, प्रत्येकाची आपापल्या अंगाप्रमाणे हवा धरून ठेवण्याची रीत वेगळी असते. धान्याच्या अशा ओतलेल्या राशीचे, मधल्या हवेसकट, एका लिटरला जे वजन भरते त्याला राशिघनता म्हणता येईल. साधारण २०० मिलिलिटरची सपाट भरलेली वाटी घेतली तर पाणी २०० ग्रॅम, साखर सुमारे १७०, तांदूळ १६० ते १७०, रवा १४०, आणि बेसन चाळून घातले तर ८० व दाबून भरले तर १०० च्याही वर, असे आकडे येतात. बेसनाच्या बाबतीत पदार्थ एक, वाटी एक, आणि हात बदलला की पाव हिस्स्याचा फरक पडतो.

हात बदलण्याचा दुसरा परिणाम मापाच्या काठाच्या वर दिसतो. भरलेल्या मापावर धान्याचा जो निमुळता ढीग उभा राहतो त्याला शीग म्हणतात, आणि ‘शिगोशीग’ या शब्दात ती अजून जिवंत आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही या शिखेचा, म्हणजे काठावरच्या ढिगाचा, मापांच्या संदर्भात स्वतंत्र विचार केलेला आहे. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त, म्हणजे बाराव्या शतकाच्या मध्यावर, धान्यराशीचे गणित देताना फार मार्मिक भेद केला. जमिनीवर ओतलेल्या राशीची उंची तिच्या परिघाच्या मानाने किती असते हे धान्यावर ठरते: जाड धान्याची उंची परिघाचा दहावा भाग, बारीक धान्याची अकरावा भाग आणि कुसळाच्या धान्याची नववा भाग. राशीचा परिघ साठ हात असेल तर जाड धान्याचे सहाशे घनहात भरतात, आणि तेवढ्याच घेराच्या बारीक धान्याचे साडेपाचशेहूनही थोडे कमी. आजच्या भाषेत या तीन अपूर्णांकांतून राशीच्या उताराचे कोन काढले तर ते अनुक्रमे सुमारे ३२, ३० आणि ३५ अंश येतात. खळ्यावर बसून, दाणे घसरताना पाहिल्याशिवाय हे अपूर्णांक कुणाला सुचणार नाहीत. गणिताच्या ग्रंथात आलेले हे ज्ञान मुळात धान्य मापणाऱ्या माणसाचे आहे, आणि ग्रंथकाराने त्याला मान दिला हे विशेष वाटते.

याच आकड्यांवरून शिगेचे मोल काढता येते. तोंडाची रुंदी आणि खोली सारखी असलेल्या गोल मापावर हरभऱ्याची शीग सुमारे दहाव्या हिश्श्याची बसते, आणि तोंड तेवढेच ठेवून माप निम्मे उथळ केले तर तीच शीग पाचव्या हिश्श्याची होते. म्हणजे पसरट मापाने घ्यायचे आणि उभट मापाने द्यायचे, किंवा शिगेसह घ्यायचे आणि काठावरून हात फिरवून सपाट द्यायचे, एवढ्याने मापाच्या नावाला धक्का न लावता धान्य काढून घेता येत असे. ‘मापात पाप’ या बोलण्यामागे असा अगदी नेमका भूमितीचा अनुभव आहे. उसनवारीच्या वाटीत याच्या उलट रीत पाळली जाते हे मात्र मुद्दाम नोंदवण्यासारखे आहे: शेजारून साखर आणताना वाटी सपाट आली तरी परत करताना ती थोडी चढती भरण्यात चांगुलपणा मानतात, आणि चढत्या भागाचे वजन कुणी काढत नाही.

कैली मापांची मराठी उतरंड शाळेच्या उजळणीत पाठ करवून घेत असत: दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, दोन शेरांची एक अडिसरी, दोन अडिसऱ्यांची एक पायली, बारा पायल्यांचा एक मण आणि वीस मणांची एक खंडी. पूर्व विदर्भात आणि त्याला लागून असलेल्या सातपुड्याच्या भागात यांच्या जोडीला कुडो हेही माप चाले, आणि त्याच्या नावात संस्कृत ग्रंथांतला कुडव सरळ ऐकू येतो. शार्ङ्गधराच्या वैद्यक ग्रंथात हा कुडव चार बोटे रुंद आणि चार बोटे उंच भांडे म्हणून सांगितला आहे, आणि कुडवाच्या वरच्या मापांत ओले व पातळ पदार्थ दुप्पट धरावेत असा नियमही तिथे दिला आहे. वजन आणि माप यांची सांगड घालण्याची गरज वैद्यालाही पडली होती, याची ही खूण. निळव्यापासून पायलीपर्यंतची सगळी चढण दुपटीची आहे, सहा वेळा दुप्पट केले की एका पायलीची चौसष्ट निळवी होतात, आणि दुप्पट-निमपट करायला तागडी किंवा लिहिता येणे यांपैकी काहीच लागत नाही, दोन सारखी भांडी पुरतात. स्वयंपाकघरासाठी याहून सोयीची मांडणी क्वचितच असेल. तिच्यातला दोष असा की गावोगावची पायली वेगळी होती, आणि गाव ओलांडले की आकडा निरुपयोगी होत असे.

हा दोष काढण्याचा कायदा आणि बोरगाव ज्या राज्यरेषेच्या उत्तरेला राहिले ती रेषा, या दोन्ही गोष्टी एकाच वर्षीच्या आहेत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तोवर मध्य प्रदेशाची राजधानी असलेले नागपूर विदर्भाबरोबर मुंबई राज्यात गेले आणि सौंसरचा मराठी मुलूख मध्य प्रदेशातच राहिला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात वजने व मापे यांच्या प्रमाणीकरणाचा कायदा झाला, आणि ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो आणि लिटर बाजारात आले. ऐंशी तोळ्यांचा वजनी शेर ९३३ ग्रॅमचा होता, तेव्हा शेराच्या जागी किलो घेणे फारसे जड गेले नाही, छटाकाचे ५८ ग्रॅम पन्नासात मिसळून गेले, आणि वजनी मापे एका पिढीत बदलली. कैली मापांना मात्र उत्तराधिकारी मिळाला नाही. धान्य किलोने विकायचे ठरल्यावर मापटे आणि चिपटे दुकानातून उठले आणि घरात येऊन बसले. त्यांची नावे हळूहळू विसरली गेली, त्यांच्या जागी वाटी, गिलास, चमचा आणि रिकामा पिपा आले, आणि या भांड्यांवर कुणाचाच शिक्का नसतो.

वजनाने आणि मापाने एकच पदार्थ दोन प्रकारचा होतो, याचा सर्वांत चांगला दाखला सत्यनारायणाच्या प्रसादात मिळतो. स्कंदपुराणाच्या रेवाखंडातली म्हणून वाचली जाणारी ही कथा, आणि रेवा म्हणजे नर्मदा, तेव्हा या भागाला ती घरचीच. प्रसाद सव्वाच्या मानाने करावा असा संकेत आहे: रवा सव्वा, साखर सव्वा, तूप सव्वा. सव्वा काय, हे घराने ठरवायचे. वाटीने केले तर सव्वा वाटी रव्याचे १७५ ग्रॅम, साखरेचे सुमारे २१० आणि पातळ केलेल्या तुपाचे २२५ ग्रॅम होतात, म्हणजे किलोभर रव्याला बाराशे ग्रॅम साखर आणि जवळजवळ तेराशे ग्रॅम तूप पडते. तोच प्रसाद गावजेवणासाठी सव्वा किलोच्या हिशेबाने केला तर किलोला किलोच साखर आणि किलोच तूप येते. घरचा प्रसाद सार्वजनिक प्रसादापेक्षा मऊ आणि तुपाळ लागतो त्यामागे भक्तीइतकाच हा हिशेबही आहे, आणि मोठ्या कढईतल्या शिऱ्याला ‘घरच्यासारखी चव नाही’ म्हणणाऱ्यांनी आचाऱ्याच्या हाताला दोष देण्यापूर्वी यादी तपासायला हवी.

पुरणाच्या बाबतीत याचीच आणखी एक बाजू दिसते. पोळ्याला आणि होळीला विदर्भाच्या या बाजूला पुरणात साखर घालणारी घरे पुष्कळ आहेत, तर काही घरे गुळाचीच. हरभऱ्याची डाळ आणि साखर यांची राशिघनता जवळपास सारखी असल्यामुळे वाटीला वाटी आणि किलोला किलो ही दोन्ही प्रमाणे साखरेच्या पुरणात एकच ठरतात, आणि म्हणून साखर घालणाऱ्या घराला रूपांतराची अडचण कधी जाणवतच नाही. गूळ चिरलेला असतो, त्याच्या चुऱ्यात हवा भरपूर असते, आणि वाटीभर चिरलेला गूळ वाटीभर डाळीपेक्षा बराच हलका भरतो. तेव्हा ‘डाळीइतका गूळ’ हे आजीचे बोलणे जिने वजन करून पाळले तिचे पुरण आजीच्या पुरणापेक्षा गोड होते. आजीने वाटी सांगितली होती, आणि वाटी हा शब्द उच्चारण्याची तिला गरज वाटली नव्हती. छापील पाककृतींनी हे न उच्चारलेले बरेच उच्चारून दाखवले. १९७० मध्ये आलेल्या कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याची भाषा घरोघर पोचवली, आणि ती पोचली याचे कारण ती भाषा घरात आधीपासूनच होती.

पुरणात गोडी कमीजास्त झाली तरी भागते, मिठाचे तसे नाही. भाजीतले मीठ जिभेने दुरुस्त करता येते, पण लोणच्यातले मीठ कमी पडले तर ते महिन्याभराने बुरशीच्या रूपात कळते. खडे मीठ आणि बारीक मीठ यांच्या एकेका वाटीच्या वजनात मोठा फरक असतो, कारण वेड्यावाकड्या खड्यांच्या मध्ये हवा जास्त अडकते. ज्या काळात लोणच्याचे प्रमाण ‘फोडींच्या चौथाई मीठ’ असे ठरले त्या काळात मीठ खड्याचे होते. तेच प्रमाण बारीक मिठाने पाळले तर लोणचे खारट होते, आणि खारट होते म्हणून पुढच्या वर्षी अंदाजाने मीठ कमी करणारी बाई कधीतरी सगळी बरणी गमावून बसते. टिकवण्याच्या पदार्थांत वजन करावे आणि ताज्या पदार्थांत भांड्यावर विसंबावे, असा भेद करणे म्हणूनच शहाणपणाचे.

परदेशी गेलेल्या नागपूर-छिंदवाड्याकडच्या कुटुंबांत हा गोंधळ आणखी वाढतो, कारण तिथला कपही एक नाही. अमेरिकेचा कप २३७ मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियाचा २५० चा, आणि भात शिजवण्याच्या विजेच्या भांड्याबरोबर येणारा कप जपानी रीतीने १८० चा. बॉस्टनच्या फॅनी फार्मर यांनी १८९६ च्या आपल्या पुस्तकात सपाट कप आणि सपाट चमचा यांचा आग्रह धरला तेव्हा त्यांनी शीगच काढून टाकली. अमेरिकेतल्या पाककृती आजही बहुतेक आकारमानाने लिहिल्या जातात, तर युरोपातल्या वजनाने. सपाट करणे ही मोठीच सुधारणा होती, परंतु कणांमधली हवा तिने जात नाही.

इथवरच्या उदाहरणांवरून वाटी म्हणजे ढिसाळ आणि काटा म्हणजे अचूक असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. तो पुरा नाही. स्वयंपाकाला बहुतेक वेळा परिमाण लागत नाही, प्रमाण लागते. परिमाण म्हणजे किती आहे, आणि प्रमाण म्हणजे दुसऱ्याच्या मानाने किती आहे. एका घरातली वाटी दुसऱ्या घराच्या वाटीहून मोठी असली तरी डाळही तिनेच घेतली आणि पाणीही तिनेच घातले, तर वरण दोन्ही घरांत सारखेच होते. वजनाची गरज तेव्हा निर्माण होते जेव्हा माल एका हातातून दुसऱ्या, अनोळखी हातात जातो आणि दोघांची वाटी एक नसते. घराला प्रमाण पुरते, बाजाराला परिमाण हवे असते. ओटी भरताना गहू ओंजळीने घालतात, आणि ओंजळ लहान मुलीची असो की थोराड बाईची, ओटी पुरी भरली असेच मानतात. तिथे काटा आणणे अशुभ वाटेल, आणि ते वाटणे खोटे नाही. प्रमाणालाही मर्यादा आहे, आणि ती पाण्यात दिसते. वाटीभर तांदळाला दोन वाट्या पाणी घातले तर त्यातले काही दाण्यात शिरते आणि काही वाफ होऊन जाते. दाण्यात शिरणारे तांदळाच्या मानाने वाढते, पण वाफ होणारे भांड्याच्या तोंडावर आणि शिजण्याच्या वेळावर ठरते. म्हणून वीस वाट्या तांदळाला चाळीस वाट्या पाणी घालणाऱ्याचा भात गिजगा होतो, आणि मोठ्या गंजात भात शिजवणारा आचारी आपल्याकडे नियम नाही, अंदाज आहे असे सांगतो, तेव्हा त्याच्या त्या अंदाजात या दोन पाण्यांचा वेगवेगळा हिशेब असतो.

परिमाण आणि प्रमाण यांची गाठ रोज, ठरल्या वेळी आणि शंभर पोरांच्या भुकेपुढे पडते ती शाळेच्या स्वयंपाकघरात. माध्यान्ह भोजनाच्या योजनेत पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल असे मान ठरलेले आहे, आणि सहावी ते आठवीसाठी ते १५० ग्रॅम, ३० ग्रॅम, ७५ ग्रॅम आणि साडेसात ग्रॅम आहे. हे आकडे दिल्लीत वजनाने ठरतात, आणि गावोगावच्या शाळांत चुलीपाशी पोचेपर्यंत त्यांचे भांडे झालेले असते. बोरगावसारख्या गावाच्या शाळेत बचतगटातल्या ज्या बायका हे अन्न शिजवतात त्यांना हजेरी झाल्यावर मुलांचा आकडा कळतो, तो रोज वेगळा असतो, आणि तेवढ्या वेळात काट्यावर डाळ, तांदूळ, तेल वेगवेगळे तोलत बसणे शक्य नसते. तांदळाचे १०० ग्रॅम म्हणजे सुमारे १२० मिलिलिटर. दहा मुलांना सव्वा लिटरहून किंचित कमी तांदूळ, म्हणजे अमुक डब्याला या खुणेपर्यंत, आणि पाच ग्रॅम तेल म्हणजे साडेपाच मिलिलिटर, दहा मुलांना पळीभर. असा डबा एकदा काट्यावर ठेवून, आधी रिकाम्या डब्याचा धडा करून, म्हणजे त्याचे स्वतःचे वजन वजा होईल अशी तागडी साधून, त्याच्या आतल्या बाजूला खूण करून घेता येते. ती खूण म्हणजे त्या स्वयंपाकघराचे स्वतःचे कोष्टक, एका धान्याचे, एका डब्याचे. गव्हाच्या पिठाची खूण वेगळी, तुरीच्या डाळीची वेगळी. तांदळाचे नवे पोते उघडले आणि दाणा आधीच्यापेक्षा बारीक किंवा तुकडा जास्त निघाला, तर जुन्या खुणेवर मुलांना कमीजास्त जाते, म्हणून त्या पोत्यातला पहिला डबा पुन्हा काट्यावर ठेवावा लागतो, आणि खूण बोटभर खाली किंवा वर सरकवावी लागते.